चेयुनेच्या अंगणातली तीन पावले

नालोंगो कोणाच्या अंगणात कामाला गेली, की पहिला दिवस ती नुसती बसून काढी. चटई अंथरावी, पायघोळ गोमेसी नीट सावरावी, पाय लांब करावेत आणि पाहत राहावे. कोण कुठून येतो आणि कुठे थबकतो, कोणती म्हातारी कोणत्या खांबाला टेकते, चुलीचा धूर कोणाच्या डोळ्यांत जातो, कोंबड्या दुपारच्या कुठे दडतात, नवऱ्याशी भांडलेली सून कोणत्या कोपऱ्यात जाऊन उभी राहते, हे सारे ती डोळ्यांनी वेचून घेई. घरचे लोक अस्वस्थ होत. कोणी चहा आणून देई, कोणी उकडलेला मुहोगोचा कंद पुढे ठेवी आणि हळूच विचारी, "बाई, काम कधी सुरू होणार?"

"चाललंय की," नालोंगो म्हणे आणि मुहोगोचा तुकडा शेंगदाण्याच्या रश्शात बुडवी.

दुसऱ्या दिवशी ती त्या घराच्या चुलीतली राख मागून घेई. दुसऱ्या घरची राख तिला चालत नसे. ती राख मुठीतून सोडत सोडत ती लाल मातीवर वाटा आखी, झाडांसाठी वर्तुळे काढी, बसण्याच्या जागांचे चौकोन काढी आणि घरच्यांना सांगे, "आता तीन दिवस राहा. जसे रोज राहता तसे राहा. रेषा सांभाळू नका." चौथ्या दिवशी ती येऊन पाही. जिथे पायांनी राख पुसलेली असे तिथे वाट. जिथे रेषा जशीच्या तशी असे तिथे फूल, झुडूप, हिरवळ. मग ती मातीवर क्रूसाची खूण करी, डोळे मिटून घटकाभर स्तब्ध राही आणि कुदळीचा पहिला घाव स्वतः घाली.

तिचे खरे नाव पर्पेतुआ नालुग्वा. पण बाविसाव्या वर्षी तिच्या पोटी जुळ्या मुली आल्या, आणि जुळ्यांच्या आईला बुगांडात जो मान मिळतो तो तिला मिळाला. त्या दिवसापासून ती नालोंगो. मुली मसाकाकडे नांदायला गेल्या, नवरा देवाघरी गेला, आणि मित्याना रस्त्याच्या कडेला काळ्या पिशव्यांत रोपे विकता विकता ही बाई लोकांची अंगणे घडवू लागली. चानामाच्या टेकडीवर तिने घडवलेली तेवीस अंगणे आहेत, आणि त्यांतली कोणतीही दोन सारखी नाहीत. चर्चमधल्या आंधळ्या गायनशिक्षकाच्या अंगणात तिने रंगाचा विचारच केला नाही. फाटकापाशी गवती चहा, वळणावर रातराणी, पायरीजवळ तुळशीच्या जातीचे एक उग्र वासाचे झुडूप लावले, आणि तो भला माणूस काठी न टेकता वासाचा हात धरून घरात जाऊ लागला. गुडघे धरलेल्या एका सुईणीला तिने कमरेइतक्या उंचीचे वाफे बांधून दिले. देवाने प्रत्येक माणसाला निराळी चाल दिली आहे, निराळे बसणे दिले आहे, निराळे दुखणे दिले आहे. मग त्याचे अंगण दुसऱ्यासारखे कसे असेल? हा तिचा विश्वास होता, आणि या विश्वासावर ती ताठ उभी होती.

अशी ही नालोंगो चेयुनेच्या अंगणात चुकली.

चेयुने हा जन्मभर मालट्रक चालवून निवृत्त झालेला गृहस्थ. आवाज मोठा, छाती रुंद, मन तसे निर्मळ, पण लोकांत उठून दिसण्याची हौस अनावर. त्याची धाकटी लेक इमाक्युलेट, तिचा क्वांजुला ठरला होता. वराकडची साठ माणसे भेटींच्या टोपल्या घेऊन, पांढरे कांझू घालून अंगणात यायची. दोन्ही पक्ष समोरासमोर बसायचे. मधल्या मोकळ्या जागेतून मुलगी बहिणींबरोबर चालत येऊन गुडघे टेकायची आणि 'हेच ते पाहुणे' म्हणून आपल्या तोंडाने सांगायची. घराची सारी अब्रू त्या दिवशी अंगणात मांडलेली असते. सोहळा शनिवारी होता, आणि चेयुनेने नालोंगोला तीन आठवडे आधी बोलावले होते.

"मला एन्टेबेच्या हॉटेलासारखं अंगण पाहिजे," तो म्हणाला.

"हॉटेलात तुम्ही राहणार आहात का?" नालोंगोने विचारले.

"नाही."

"मग तुमच्यासारखं करू."

ती बसली, तिने पाहिले, राख सोडली. पण पूर्वेच्या बाजूला, जिथे अंगण संपून शेजारच्या नाकिंतू आजीची केळीची बाग लागते, तिथली रेषा तिन्ही दिवस कोरी राहिली. एकही पाऊल उमटले नाही. त्याचे कारण एवढेच, की आजी महिनाभर मसाकाला लेकीकडे दुखणे काढायला गेली होती आणि तिचे घर बंद होते. नालोंगोने विचारले, "इकडे कुठपर्यंत आपलं?" चेयुनेने हनुवटी उचलून दूरचा एक दगड दाखवला. "तिथपर्यंत."

नालोंगोने ते मानले, आणि त्या दगडाच्या रोखाने लुवान्यीची अठरा रोपे लावली. मक्यासारखी लांब पाने, मधोमध पिवळा पट्टा, देखणी जात. शहरातल्या बंगल्यांतून ही रोपे शोभेसाठी लावतात, आणि अलीकडे शहरातली दोन-तीन कामे करून तिची नजरही शहराळली होती. चानामाच्या मातीत मात्र लुवान्यी शोभेसाठी लागत नाही. आजा-पणजाने जिथे लुवान्यी रोवली तिथे एकाची जमीन संपते आणि दुसऱ्याची सुरू होते. कागद हरवतो, साक्षीदार मरतो, लुवान्यी उभी राहते. हे तिला शेंबड्या वयापासून ठाऊक होते. तरी हात चालत राहिले. जुन्या हद्दीची लुवान्यीची तीन रोपे, त्यांतले एक वाळलेले, गवतात दबून उभी होती. ती नव्या रांगेच्या तीन पावले अलीकडे पडली, आणि तिने ती एखादे जुने झुडूप असावे तशी तिथेच राहू दिली.

मंगळवारी सकाळी नाकिंतू आजी परत आली.

तिने आरडाओरडा केला नाही. घरातून चटई आणली, नव्या रांगेच्या आत, चेयुनेच्या हिरवळीवर अंथरली, शेंगांची टोपली मांडीवर घेतली आणि घेवडा सोलत बसली. नालोंगो सकाळी कामाला आली तेव्हा तिला हे दिसले. ती जवळ गेली, रीतीप्रमाणे गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "आजी, रात्र कशी गेली?"

"रात्र बरी गेली. सकाळ वाईट उजाडली."

"काय झालं आजी?"

"काही नाही गं. या माझ्या दोन केळी बघ." आजीने शेंगेनेच दाखवले. "मी मसाकाला गेले तेव्हा माझ्या घरी होत्या. आले तर चेयुनेकडे पाहुण्या. न सांगता गेल्या म्हणून विचारायला बसलेय."

नालोंगोने वळून पाहिले. दोन केळी नव्या रांगेच्या आत होत्या. गवतात तीन जुन्या लुवान्यी होत्या. तिच्या डोळ्यांपुढचा पडदा एका क्षणात सरकला.

दगडी वाटा बांधणारा कातेंडे तिच्याबरोबर वीस वर्षे काम करत होता. तो हातोडी टेकून उभा राहिला. "वीस वर्षं पायांचे ठसे वाचतेस," तो म्हणाला, "आणि शेजारीण घरी नाही एवढं वाचता आलं नाही होय?"

"नाही आलं," नालोंगो म्हणाली. "चूक माझी."

ती सरळ चेयुनेकडे गेली. तो ओट्यावर दाढी करत होता.

"चेयुनेदादा, ती रांग काढावी लागेल. हद्द तीन पावलं अलीकडे आहे. तुम्हाला माहीत होतं."

चेयुनेने आरशातून तिच्याकडे पाहिले आणि वस्तरा गालावरून सावकाश खाली आणला. "अगं, पानंच तर आहेत. शनिवार जाऊ दे, मग बघू."

"लुवान्यीला शनिवार-रविवार कळत नाही. ती मूळ धरते. उद्या तुमची नातवंडं म्हणतील, हद्द इथेच, आमच्या आत्याच्या क्वांजुलाला लावली होती. खोटं मी लावलंय, आणि ते माझ्या हातचं म्हणून उभं राहील."

"आणि मांडव कुठे घालू? डोक्यावर?" चेयुने आता वळला. "दोन मांडव समोरासमोर पाहिजेत. त्यांची साठ माणसं, आमची साठ. ती तीन पावलं नसली तर मधे लेकीला चालायला बोळ राहतो बोळ. लोक म्हणतील, चेयुनेनं आयुष्यभर रस्ते तुडवले, आणि पोरीला चालायला जागा नाही."

नालोंगोला त्याचे दुखणे कळले. ते लोभाचे कमी आणि लाजेचे जास्त होते. पण ती हलली नाही. "दादा, रांग निघाली नाही तर मी या अंगणावरून हात काढून घेते. कातेंडेही माझ्याबरोबर येईल."

"मला कोणी विचारलं?" कातेंडे मागून म्हणाला. मग नाक शिंकरून म्हणाला, "येईन."

सोहळा चार दिवसांवर, अंगण अर्धे खणलेले, हद्दीवर शेजारीण चटई टाकून बसलेली, आणि घडवणारी बाई कामावरून उठायला निघालेली. चेयुनेचा हात वस्तऱ्यासकट थांबला. "मग उपाय सांग," तो म्हणाला. "नुसतं काढा म्हणू नकोस."

"दुपारपर्यंत सांगते."

नालोंगोने दुपारपर्यंत अंगण मोजले. फाटकापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून विहिरीपर्यंत, परत फाटकापर्यंत. उन्हाकडे पाहिले, उताराकडे पाहिले. नाकिंतू आजी शेंगा सोलता सोलता तिला पाहत होती. "काय हरवलं गं?" तिने विचारले.

"शोधतेय आजी."

"माझ्या जागेत शोधू नकोस म्हणजे झालं."

आणि दोन वाजता, देवाचे नाव घ्यावे आणि दिवा लागावा तसे तिला दिसले. आजीच्या बागेत हद्दीलगत एक जुना मुतुबा उभा आहे; सालीचे वस्त्र कुटण्यासाठी वाढवतात तो वड-पिंपळाचा भाऊबंद, विस्तीर्ण, शांत. दुपारच्या त्या वेळी त्याची सावली आजीच्या बागेतच पडली होती. नालोंगो थांबली. सूर्य पश्चिमेला कलला, की सावली पूर्वेला जाणार, म्हणजे आजीकडेच. चेयुनेच्या अंगणात ती येते सकाळी. आणि पाहुणे येणार सकाळी दहाला.

तिने चेयुनेला हाताने धरून उभे केले. "मांडव घराला समांतर का घालायचे? विहिरीपासून फाटकापर्यंत तिरके घाला. आडव्या जागेत पंधरा पावलं मिळतात, तिरक्या जागेत सव्वीस. आणि पाहुण्यांना मांडवच नको. सकाळी आजीच्या मुतुबाची सावली थेट इथपर्यंत पोचते. माणसं कापडाखाली उकडून निघण्यापेक्षा झाडाखाली बसतील."

"तिरकं?" चेयुनेने तोंड वाकडे केले. "तिरकं कोणी बसवतं का पाहुण्यांना?"

तेवढ्यात इमाक्युलेट धुणे वाळत घालून आली. ती वडिलांसमोर गुडघ्यांवर बसली, पण जीभ तिची उभीच होती. "बाबा, मला पंधरा पावलं चालायचं नाहीये. तयार व्हायला सबंध सकाळ घालवायची, आणि खोकला यायच्या आत पाहुण्यांपुढे पोचायचं? सव्वीस द्या."

"आणि त्या म्हातारीनं दोनच दिवस आधी फांद्या तोडल्या तर?" चेयुने म्हणाला.

"म्हणून तर आधी रांग काढायची," नालोंगो म्हणाली. "जिची सावली घ्यायची तिची जमीन दाबून कशी चालेल?"

चेयुने त्या पूर्वेच्या दगडापर्यंत जाऊन आला. मग स्वतःशीच पुटपुटावे तसे म्हणाला, "दगड हद्दीचा नाही हे मला माहीत होतं. खोटं बोललो." आणि टोपी घालून तो गावच्या चेअरमनना बोलवायला गेला.

चानामात रीत अशी, की हद्दीची लुवान्यी एकट्याने उपटायची नाही. चुकून लागली असली तरी दोन्ही घरांनी एकेक हात लावायचा, आणि गावाने पाहायचे. बुधवारी सकाळी गावचे चेअरमन खुर्ची टाकून बसले, आणि उपटणे सुरू झाले. एका बाजूने चेयुनेचा राठ हात, दुसऱ्या बाजूने आजीचा सुरकुतलेला. पहिली चार रोपे दोघांनी एकमेकांकडे न पाहता काढली. पाचव्याला आजी म्हणाली, "जोर लाव की. ट्रक चालवत होतास का मेंढ्या?"

"आजी, तुम्हीच खाली दाबताय."

"मी दाबत नाही. वयच वजनदार आहे."

चेअरमनना हसू आवरेना. सातव्या रोपाला आजीला दम लागला. चेयुने घरातून स्टूल घेऊन आला, आणि मग प्रत्येक रोपागणिक तो स्टूल एकेक हात पुढे सरकवू लागला. आजी बसून एक हात लावी, तो वाकून ओढी.

"सांगितलं असतंस," अकराव्या रोपाला आजी म्हणाली, "की पोरीच्या दिवसासाठी जागा कमी पडतेय. शनिवारपुरती बाग दिली असती. ही जन्मली तेव्हा तुझी बायको तापाने फणफणली होती. आठ दिवस हिला न्हाऊ कोणी घातलं?"

चेयुनेने मान खाली घातली. "लाज वाटली मागायला."

"मागायची लाज वाटली, घ्यायची नाही वाटली," आजी म्हणाली, पण तिच्या आवाजातली धार आता गेली होती. अठरावे रोप निघाले. जुन्या हद्दीवरच्या वाळलेल्या लुवान्यीच्या जागी त्यांतलेच एक ताजे रोप दोघांनी मिळून लावले, आणि आजीने कंबरेच्या गाठीतून भाजलेल्या कॉफीच्या बिया काढून एक चेयुनेच्या, एक चेअरमनच्या आणि एक नालोंगोच्या तळहातावर ठेवली. त्या चावल्या, की रीत पुरी झाली.

मग मात्र अंगणाला क्षणाची उसंत मिळाली नाही. कातेंडेने रागावत रागावत सरळ बसवलेली दगडी वाट उखडली आणि तिरकी बसवली. "बाईच्या डोक्यात सूर्य फिरतो, आणि माझ्या कंबरेचा काटा मोडतो," तो येता-जाता सांगे. नालोंगोने वाटेच्या दोन्ही अंगांना हिरवळीचे पट्टे अंथरले, मुलींचे गुडघे टेकायचे तिथे गवत दाट आणि मऊ घेतले. विहिरीपाशी तिने जुन्या टायरांचे दोन गोल वाफे केले. चेयुनेच्या ट्रकचे ते टायर गेली सात वर्षे गोठ्यामागे पडून होते. तिने ते लाल मातीने सारवले आणि त्यांत पिवळी झेंडूची झाडे लावली. चेयुनेने ते पाहिले, एका टायरवर हात फिरवला आणि आत गेला. हॉटेलाचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

शनिवारी दहा वाजता पाहुणे आले. पांढऱ्या कांझूंची रांग फाटकातून आत शिरली आणि मुतुबाच्या सावलीत, तिरक्या मांडलेल्या खुर्च्यांवर विसावली. चेयुनेने आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन आजीला आपल्या बाजूच्या पहिल्या रांगेचे बोलावणे केले होते. आजी म्हणाली होती, "मला माझ्या झाडाखालूनच चांगलं दिसतं." ती आपल्या केळीत, जुन्या हद्दीच्या एक पाऊल पलीकडे, खुर्ची टाकून बसली होती. अंगावर ठेवणीतली जांभळी गोमेसी.

इमाक्युलेट बहिणींसह ओट्यावरून उतरली. ढोल मंद झाले. ती चालू लागली. किती सावकाश चालली ती. अंगण तिच्यासाठी उलगडत गेले. एका बाजूला बापाची माणसे, दुसऱ्या बाजूला होणाऱ्या सासरची, आणि मधून तिरकी धावणारी हिरवी, मऊ, लांब वाट. बाविसाव्या पावलाला तिने पाहुण्यांकडे वळायचे होते. ती वळली नाही. ती सरळ पुढे गेली, लुवान्यीपाशी थांबली आणि हद्दीच्या अलीकडे गुडघे टेकून पलीकडच्या नाकिंतू आजीला तिने नमस्कार केला. बहिणी गोंधळल्या, मग त्यांनीही गुडघे टेकले.

पाहुण्यांकडचा बोलका गृहस्थ उठून उभा राहिला. क्वांजुलात दोन्ही बाजूंचे एकेक बोलके असतात, आणि कोणतीही रीत हुकली की दुसऱ्याची थट्टा करणे हे त्यांचे कामच. "यजमानहो," तो म्हणाला, "तुमच्या मुलीनं नवरा बघायच्या आधी केळीची बाग बघितली. आम्ही परत जावं का केळी न्यावी?"

सारे हसले. चेयुनेच्या बाजूचा बोलका उत्तर जुळवत होता, पण चेयुने स्वतःच उभा राहिला. बापाने त्या दिवशी बोलायचे नसते. तो बोलला.

"पाहुणेहो, तुम्ही सकाळपासून ज्या सावलीत बसलात ती आमची नाही. ती त्या आजींची. मुलीनं आधी सावलीच्या मालकिणीला वंदन केलं. यात चुकलं असेल तर दंड सांगा."

पाहुण्यांच्या बोलक्याने डोक्यावरची टोपी काढली, वळून नाकिंतू आजीकडे पाहिले आणि कमरेत वाकला. त्याच्यामागे साठ कांझू एकाच वेळी वाकले. आजीने हात वर केला, जणू केळीवरची माशी हाकलावी तसा. "बसा, बसा," ती म्हणाली. "ऊन फिरेल. पोरीला तिचं काम करू द्या."

इमाक्युलेट उठली आणि पाहुण्यांकडे वळली.

नालोंगो तेव्हा स्वयंपाकघरामागे कातेंडेशेजारी चटईवर बसली होती. समोर केळीच्या पानात उकडलेल्या कच्च्या केळ्यांची वाफाळती मटोके, वर शेंगदाण्याचा रस्सा. तिने हे सारे ऐकले. पान पुढे सरकवून तिने वाढणारीला सांगितले, "थोडी आणखी वाढ गं," आणि कातेंडेच्या पानातला मांसाचा मोठा तुकडा हळूच उचलून आपल्या पानात घेतला.

"तो माझा होता," कातेंडे म्हणाला.

"हद्द दाखव," नालोंगो म्हणाली आणि जेवू लागली.